हवालदाराच्या कमरेवरची करकर

मित्रांनो, मी एक कातडी होल्स्टर आहे. रिव्हॉल्व्हर कमरेला लावायचं कव्हर म्हणा हवं तर. जुना म्हणावा इतका मी जुना नाही, येत्या दिवाळीला मला वर्ष होईल. पण या एका वर्षात मी जेवढा राग अंगावर वागवला, तेवढा माझ्या जातीतली कव्हरं जन्मभर वागवत नसतील. माझी गोष्ट रागाचीच आहे. ती गोड करून सांगायची माझी इच्छा नाही.

कुपवाडच्या कारखान्यांच्या रस्त्याला चांदसाहेबांचं पत्र्याचं दुकान आहे. दोन्ही बाजूंना लेथ मशीनचे कारखाने. त्यांच्या आवाजात चांदसाहेब वेल्डिंग करणाऱ्या कामगारांसाठी कातड्याचे हातमोजे आणि एप्रन शिवत बसतात. त्यांचे वडील घोड्यांची खोगिरं करायचे. त्यामुळे हातमोजे शिवताना चांदसाहेबांचा चेहरा कंटाळलेला असतो, आणि वेगळं काही काम आलं की ते चष्मा दोनदा पुसतात. माझ्या वेळी त्यांनी तीनदा पुसला होता, असं मी ऐकलं आहे.

हिरड्याच्या पाण्यात कमावलेल्या म्हशीच्या कातड्यातून त्यांनी रापीनं माझे दोन थर कापले. मला भिजवलं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या रिव्हॉल्व्हरवर दाबून दाबून त्याचा आकार माझ्या अंगात उतरवला. दोन दिवस सावलीत वाळवलं. मग आरीनं भोकं पाडून मेणाच्या दोऱ्यानं शिवलं आणि माझ्या कडा हाडाच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केल्या. मी देखणा झालो होतो. तांबूस, टणक, चकचकीत.

मला करायला सांगणाऱ्याचं नाव आकाराम. औंधजवळच्या एका खेड्यातला माणूस. फौजेत हवालदार होता. निवृत्त झाल्यावर सांगलीत एका सराफाच्या पेढीवर सुरक्षारक्षक म्हणून लागला आणि बायको रंगूबाई आणि मुलगी स्वप्नाली यांना घेऊन कुपवाडला दोन खोल्यांत राहू लागला. रिव्हॉल्व्हर त्याच्या स्वतःच्या परवान्याचं होतं.

"चाचा," तो चांदसाहेबांना म्हणाला होता, "काढताना आवाज नको. कुणाला कळता कामा न्हाई."

"पेढीच्या दारात उभा ऱ्हाणाऱ्या माणसाचा आवाज झाला तर काय बिघडतंय रं?"

"आवाज नको म्हणलं."

चांदसाहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही. पण मी करकरणारा निघालो.

पहिल्याच दिवशी आकारामनं मला पट्ट्यात ओवलं आणि खोलीत चार पावलं टाकली. पावलागणिक मी वाजलो. रंगूबाई चुलीपासून म्हणाल्या, "आवं, कमरंत उंदीर धरलाय का काय?" आकाराम हसला नाही. तो तसाच चांदसाहेबांकडे गेला.

"नवं कातडं बोलतंच गड्या," चांदसाहेब म्हणाले. "पायताण वाजलं तर तुमी ऐट म्हणता, आन् कव्हर वाजलं तर खोड म्हणता. दोन थर एकमेकावर घासत्यात. रुळू दे त्याला जरा."

"तेल पाजू?"

"आजिबात न्हाई. तेल पाजलंस तर कातडं लोळंल, हत्यार धरणार न्हाई. कमरंला लावून रोज दोन कोस चाल. पंधरा दिसांनी ये, मग मेण मारतो."

मित्रांनो, आकारामला एवढी घाई का होती, ते मला त्याच्या घरी खुंटीवर लटकून कळलं. स्वप्नाली वीस वर्षांची होती. पोलीस भरतीसाठी ती एका अकॅडमीत पळायची. तिथले जयराज सर भरतीची तयारी करून घ्यायचे. मैदानाच्या फाटकावर त्यांच्या फोटोचा मोठा फलक होता आणि दीडशे पोरंपोरी त्यांना पाहून टाचा जुळवायची. स्वप्नालीच्या उजव्या नडगीचं हाड तीन आठवडे दुखत होतं. तिनं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "हाड दुखतंय म्हणणारी पोरगी भरती होत नसते." चाचणीच्या दिवशी त्यांनी कुणाला तरी बोलावून तिच्या पायात इंजेक्शन द्यायला लावलं. पाय बधिर झाला आणि ती पळाली. दुसऱ्या फेरीत हाड मोडलं.

त्या दिवशी मैदानावर पाहुणे येणार होते, भरती झालेल्यांचा सत्कार होता. म्हणून सरांनी तिला फलकाच्या सावलीत झोपवून ठेवलं. सात वाजता पडलेली पोर नऊ वाजता दवाखान्यात गेली. आणि दुसऱ्या दिवशी सरांनी सगळीकडे सांगितलं, "ती ग्राउंडवर पडलेलीच न्हाई. मोटारसायकलीवरनं पडली. कुणाच्या मागं बसली होती ते तिलाच विचारा."

आकारामनं पोलिसांत तक्रार दिली. पण मैदानावरच्या अकरा मुलींनी सर म्हणतात तेच लिहून दिलं. तक्रार तिथंच थांबली. स्वप्नालीचा पाय जुळला, पण अर्धा इंच आखूड झाला. तेवढ्यावर निभावलं असतं. पण औंधला यमाईच्या नवरात्राला हे तिघं गेले, तेव्हा नात्यातल्या धोंडुबाईंनी स्वप्नालीच्या पायाकडे पाहिलं आणि शेजारणीला हळूच विचारलं, "मोटारसायकलवाली ती हीच का?" त्या दिवसापासून पोर घराबाहेर पडली नाही. आणि परत आल्यावर आठ दिवसांनी आकाराम चांदसाहेबांच्या दुकानात गेला.

हे कळल्यावर मलाही दुसरं काही सुचेना. मी त्याच्या कमरेला होतो. तो जयराजचं नाव ऐकायचा तेव्हा त्याच्या पोटाचा स्नायू दगडासारखा व्हायचा आणि माझ्या कातड्यावर दाबायचा. दिवसातून दहा वेळा. मला त्या जयराजचा तोंडवळाही माहीत नव्हता, पण माझ्यातून रिव्हॉल्व्हर निघावं आणि त्यानं ते शेवटचं पाहावं असं मला वाटू लागलं. माझ्या करकरीची मला लाज वाटू लागली. ती जात नाही तोवर काही होणार नव्हतं.

पंधरा दिवस व्हायच्या आत निवडणूक लागली. आचारसंहितेत परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आकारामनं रिव्हॉल्व्हर जमा केलं, पावती खिशात घातली आणि रागानं मला घरी खुंटीवर फेकलं. पेढीच्या दारात तो दंडुका घेऊन उभा राहू लागला. मी रिकामा.

"रिकामं ठेवलंस तर आकार जाईल," चांदसाहेब म्हणाले. त्यांनी बाभळीचा एक तुकडा तासून रिव्हॉल्व्हरच्या मापाचा ठोकळा केला आणि माझ्यात बसवला. "हे घालून चालत ऱ्हा. निवडणूक होस्तवर मऊ पडंल."

आकाराम पहाटेचा चालू लागला. रस्ता त्यानं ठरवलेला नव्हता, पण पाय त्या मैदानाकडेच गेले. फाटकाबाहेर चहाची टपरी आहे. तिथे पाठमोरा एक माणूस कपात बिस्कीट बुडवत उभा होता. निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. आकाराम त्याच्या मागे जाऊन थांबला. शेवटच्या पावलाला मी वाजलो.

त्यानं वळून पाहिलं. आधी आकारामकडे, मग शर्टाखालून दिसणाऱ्या माझ्या टोकाकडे. हातातलं बिस्कीट तुटून कपात पडलं. तोच जयराज. मी त्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला आणि त्यावर जे दिसलं ते मला फार आवडलं.

आकारामनं चहा मागितला, प्यायला आणि घरी आला. त्याच्या पोटाचा स्नायू त्या दिवशी सैल होता.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही. कधी टपरीवर, कधी फाटकापाशी, कधी मैदानाच्या कुंपणाला लागून जाणाऱ्या रस्त्यावर. शब्द नाही, शिवी नाही, नजरही धड नाही. नुसतं चालायचं. कर्र, कर्र, कर्र. जयराज शिट्टी वाजवता वाजवता थांबायचा. पोरांना मोजताना आकडा चुकायचा. पंधरा दिवस होऊन गेले तरी आकाराम मेण मारून घ्यायला गेला नाही. ज्या आवाजाची मला लाज वाटत होती तोच आता माझं हत्यार झाला होता. मी मन लावून वाजत होतो. खरं सांगतो, त्या महिन्याइतका मी कधीच सुखात नव्हतो.

शेवटी जयराजनं पोलिसांना बोलावलं. पोलीस हवालदार बाळासो मोटारसायकलवरून मैदानावर आले. दीडशे पोरंपोरी रांगेत उभी होती.

"हा माणूस हत्यार घेऊन रोज माझ्या मागं फिरतोय," जयराज ओरडला. "मला मारायचंय ह्याला!"

बाळासोंनी आकारामकडे हात केला. आकारामनं माझी पट्टी उघडली आणि ठोकळा काढून त्यांच्या हातावर ठेवला. बाळासोंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"सर, ह्यांचं हत्यार महिना झाला आमच्या ठाण्यात जमा हाय. ही बाभूळ हाय बाभूळ. बाभळीला आत टाकू का?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळी रांग हसली. बाळासोंनी जाताना आकारामलाही दम दिला, "हवालदार, तुमी बी जरा लांबनं चाला." पण दुसऱ्या दिवशी आम्ही रस्त्यापलीकडून पाहत होतो, आणि जयराज रांगेपुढून जाऊ लागला तेव्हा मागच्या ओळीतून कुणीतरी तोंडानं आवाज काढला. कर्र. जयराज दचकून वळला. पुन्हा हशा. आता मी जवळ नसलो तरी माझा आवाज तिथे होता.

मला वाटलं, सूड पुरा झाला. आकारामलाही तसंच वाटलं असावं. त्या संध्याकाळी त्यानं ही हकिकत रंगूबाईंना रंगवून सांगितली. आतल्या खोलीतून स्वप्नाली बाहेर आली. भिंतीला धरून उभी राहिली.

"आप्पा, तुमी महिनाभर तिथं जाताय?"

"त्याची झोप उडवली बघ मी."

"त्याची उडाली. माझं काय झालं?"

आकाराम कमरेचा पट्टा सोडू लागला.

"लोक हसत्यात ते त्याच्या भित्रेपणाला. मी मोटारसायकलीवरनं पडले, ते अजून तसंच हाय. ते कुणी खोडलं? तुमी खोडलं? त्या लाकडानं खोडलं?"

"बाळ, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी न्हाई. तुमच्यासाठी. तुमाला बरं वाटावं म्हणून." तिनं हात पुढे केला. "मला बी सूड पायजे आप्पा. तुमच्यापरास जास्त पायजे. पण माझा मी घेणार. द्या ते हिकडं."

रंगूबाई म्हणाल्या, "स्वप्ने, जाऊ दे की आता." तिनं ऐकलं नाही. माझा पट्टा तिच्या कमरेला मोठा होत होता. तिनं शाळेतल्या कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि पट्ट्याला एक नवं भोक पाडलं. ते भोक आजही आहे, जरा वाकडं.

सकाळी ती निघाली. आकारामला तिनं फाटकाबाहेर थांबवलं. मित्रांनो, त्या चालीवर मी कधी वाजलो नव्हतो. तिचा एक पाय आखूड, त्यामुळे एका पावलाला मी दाबून वाजायचो आणि दुसऱ्याला नुसता घासायचो. जयराज आमच्याकडे पाठ करून रांगेपुढे बोलत होता. आवाज ऐकून तो थांबला. वळला नाही. त्याच्या मानेवरून मला कळलं की ही चाल वेगळी आहे हे त्यानं ओळखलं.

स्वप्नाली त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं माझ्यातून ठोकळा काढला आणि त्याच्या हातात दिला.

"घ्या सर. लाकूड हाय. आता भ्यायचं कारण न्हाई. आता सांगा, मी कुठं पडले?"

"स्वप्नाली, घरी जा. तुझ्या वडिलांनी आधीच बराच तमाशा केलाय."

"मी कुठं पडले?"

"सगळ्यांना माहीत हाय तू कुठं पडलीस."

"मग सगळ्यांनाच विचारते." ती रांगेकडे वळली. तिनं आवाज चढवला नाही. "दिलशाद, मी कुठं पडले?"

दिलशाद ही त्या अकरा मुलींतली एक. लिहून देणारी. ती पुढच्या ओळीत खाली मान घालून उभी होती. स्वप्नालीचा श्वास माझ्यावर आदळत होता. मला वाटलं, ही पोर आता इथेच कोसळणार, आणि तो हातात लाकूड घेऊन हसणार.

"हितं," दिलशाद म्हणाली. तिनं बोट दाखवलं. "हितं पडलीस ताई, दुसऱ्या फेरीला. आन् त्या फलकाखाली होतीस दोन तास. मी माझ्या बाटलीतनं तुला पाणी पाजलं."

"दिलशाद! लाइनीत!" जयराज ओरडला.

"मी लाइनीतच हाय सर," दिलशाद रडत म्हणाली. "तुमी म्हणला, लिहून दे, न्हाईतर तुझा फॉर्म जाणार न्हाई. म्हणून दिलं मी लिहून."

मग दुसरी बोलली. मग तिसरी. एकीनं इंजेक्शनची गोष्ट सांगितली. मागच्या ओळीतल्या पोरांनी मोबाइल वर धरले होते. जयराज शिट्टी फुंकत राहिला, लाइनीत, लाइनीत. पण त्या दीडशेंच्या रांगेत आता लाइन उरलीच नव्हती. पोरी स्वप्नालीभोवती गोळा झाल्या होत्या. तो एकटा उभा होता, हातात बाभळीचा ठोकळा धरून. तो टाकून द्यायचंही त्याला सुचलं नाही.

त्याच दिवशी सात मुलींनी ठाण्यात जाऊन आपले जबाब बदलले. उरलेल्या चौघींनी नंतर बदलले. गुन्हा दाखल झाला. जयराजला अटक झाली, पुढे जामीनही झाला. फाटकावरचा फलक उतरला. आता ते मैदान दुसरे कुणी चालवतात, आणि स्वप्नाली तिथे सकाळी नव्या मुलींच्या पळण्याच्या वेळा लिहायला जाते. हाड दुखतंय असं कुणी म्हणालं की ती त्या दिवसाच्या यादीतून त्या मुलीचं नाव काढते आणि तिला दवाखान्यात पाठवते. मुली चिडतात. ती ऐकत नाही.

गेल्या पौषात यमाईच्या यात्रेला ती औंधला गेली होती. धोंडुबाई स्वतः बोलायला आल्या. म्हणाल्या, "पोरी, मोबाइलवर बघितलं गं." स्वप्नालीनं त्यांना नमस्कार केला नाही. मला बरं वाटलं.

निवडणूक संपली, आकारामला रिव्हॉल्व्हर परत मिळालं. तो मला घेऊन चांदसाहेबांकडे गेला. त्यांनी माझ्या दोन थरांच्या मध्ये, जिथे बाहेरून दिसत नाही तिथे, गरम मेण घातलं. पट्टा जिथे घासतो तिथे पावडर चोळली. मला हातांनी दहा वेळा मुडपून सैल केलं. अर्ध्या तासाचं काम. मग त्यांनी मला वाकवून पाहिलं. मी वाजलो नाही.

"एवढंच होतं?" आकारामनं विचारलं. "मग तवाच का केलं न्हाईस चाचा?"

"तवा करायचं नव्हतं."

"का?"

"आवाज नको म्हणालास, तवाच वळखलं मी." चांदसाहेब हातमोज्यांकडे वळले होते. "सराफाच्या राखणदाराला आवाज चालतो. आवाज नको असतो तो दुसऱ्याच कामाला. म्हणलं, वाजू दे. वाजतंय तवर ह्यो माणूस कुणाच्या मागनं जाऊ शकत न्हाई."

आकारामनं त्यांचे आभार मानले नाहीत. मीही मानले नसते. मला त्यांचा राग आला, अजून आहे. माझी खोड माझी नव्हती, त्यांनी ती माझ्यात शिवली होती.

आता शेवटची गोष्ट सांगतो, जी आकारामनं घरी सांगितलेली नाही. उन्हाळ्यात एका सकाळी तो ड्युटीवर जाताना सांगलीच्या बसस्थानकावर उतरला. बाकावर जयराज बसला होता. दाढी वाढलेली, शेजारी बॅग. कुठल्यातरी गावी निघाला होता. आकाराम त्याच्या मागच्या बाकावर जाऊन बसला. दोघांच्या पाठीत हातभर अंतर. माझ्यात रिव्हॉल्व्हर होतं, भरलेलं. मी वाजलो नाही. जयराज शेंगा फोडून खात होता, टरफलं पायाशी टाकत होता. त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही.

आकारामचा अंगठा माझ्या पट्टीच्या बटणावर आला. बटण उघडलं. पोटाचा स्नायू दगडासारखा झाला, पूर्वीसारखा. मी तयार होतो. त्या वेळी मला थांबवायची कुणाची ताकद नव्हती, मेणानं माझं तोंड बंद केलेलं होतं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. जयराजची गाडी लागली. तो उठला, टरफलं झटकली आणि चढला. गाडी गेली. मग आकारामनं बटण लावलं. दोनदा दाबून पाहिलं, नीट लागलं की नाही. आणि पेढीवर गेला. त्याच्या मनात काय आलं असेल ते मला माहीत नाही. कमरेवरून माणसाचा श्वास कळतो, मन कळत नाही.

मित्रांनो, आता तुम्ही मला कातड्याची निगा कशी राखायची ते विचाराल. कातडं उन्हात वाळवू नका. त्याला तेलात बुडवू नका. नवं कातडं करकरलं तर हसू नका, ते आहे तसं काही दिवस वाजू द्या. आणि एखाद्या पोरीबद्दल काही ऐकलंत तर पुढच्या माणसाला सांगण्याआधी तिला स्वतःला विचारा, की बाई, तू कुठं पडलीस? एवढं केलं असतं तर माझ्यासारख्याचं काम पडलं नसतं.

मला क्षमा करायला सांगू नका. मी क्षमा केलेली नाही. मी फक्त वाजत नाही.